बाळंतपणानंतर ऑफिसचे कपडे: खांद्याला नेमके, पोटाला मोकळे

तू लिहिलंयस की बाळ साडेचार महिन्यांचं आहे, सिझेरियन झालंय, पुढच्या महिन्यात बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या) ऑफिसला परत जायचंय, मुलुंडहून कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढे शेअर रिक्षा, कपाट भरलेलं आहे पण त्यातलं एकही धड अंगाला बसत नाही, फीडिंग चालू आहे आणि दहाबारा हजारांत सगळं बसवायचंय. मी दादरला बायकांचे कपडे शिवते, बरीच वर्षं झाली, आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा माप द्यायला आलेल्या मुली जवळजवळ सगळ्या एकच सांगतात, ताई थोडं सैलच ठेवा म्हणजे पोट झाकेल. तर सुरुवात तिथूनच करते.

सगळीकडून सैल कपड्याने पोट झाकत नाही गं, उलट अख्खी बाई रुंद दिसते. काय होतं बघ, पोटाला होईल म्हणून दोन साइज मोठी कुर्ती घेतली की खांद्याची शिलाई हाडावरून घसरून दंडावर येते, मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेकडचा भाग, लोंबतो, आणि छातीवरून कापड जे सुटतं ते सरळ खाली, म्हणजे छातीची जी रुंदी आहे तीच खालपर्यंत आहे असं बघणाऱ्याला वाटतं. बाळंतपणात तुझा खांदा वाढलेला नसतो. बरगड्यांचा घेर वाढतो, छाती वाढते, पोट आणि सीट, म्हणजे मागचा घेर, वाढते, पण खांद्याचं माप लग्नातल्या ब्लाउजला होतं तेच राहतं. आणि छातीच्या लगेच खाली, ब्राची पट्टी येते तिथे, पोट सुरू व्हायच्या आधी, चारपाच बोटांची एक जागा असते जी आत्ताच्या तुझ्या अंगावर वरच्या धडातली सगळ्यात बारीक जागा आहे. खांदा, मुंढा आणि ही जागा एवढं नेमकं बसलं ना, की खाली पोटावर चार इंच मोकळं सोडलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीभोवती आहे, खांद्याला नेमकं आणि पोटाला मोकळं, बाकी रंगबिंग नंतर.

म्हणून आधी माप, खरेदी नंतर. आणि माप आजचं घे, सहा महिन्यांनी कमी होईल ते नको. छातीचं माप दोनदा घे, एकदा पाजण्याच्या आधी आणि एकदा पाजून झाल्यावर, दोन्हीत फरक येतो, कपडा मोठ्या मापावर शिवायचा. पोटाचं माप बसून घे. उभं राहून घेतलेलं माप ऑफिसच्या खुर्चीत खोटं ठरतं, बसलं की पोट पुढे येतं आणि तिथेच बटणं ताणली जातात. सुती कुर्तीला छातीला मापापेक्षा अडीच-तीन इंच आणि पोटाला बसलेल्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त ठेवायला सांग. आणि टेपने स्वतःचं स्वतः माप घेऊ नकोस, हात वर केला की सगळं बदलतं, बहिणीला नाहीतर सासूबाईंना घ्यायला सांग.

आता ज्यावर कोणालाच पैसे खर्च करायचे नसतात ते, ब्रा. बजेटचा पाचवा हिस्सा मी यावर घालवेन, तीन चांगल्या नर्सिंग ब्रा, एक अंगात, एक धुतलेली, एक वाळत. कारण सरळ आहे, छाती जागेवर असेल तरच ती खालची बारीक जागा दिसणार, नाहीतर छाती पोटावर टेकते आणि मग मी कितीही चांगली कटिंग केली तरी उपयोग नाही. आरशात बाजूने बघ, छातीचा मध्य खांदा आणि कोपर यांच्या साधारण मधोमध यायला हवा. पट्टी घेताना शेवटच्या, म्हणजे सगळ्यात सैल हुकवर नीट बसणारी घे, कारण बरगड्यांचा घेर हळूहळू कमी होत जाईल तेव्हा आतल्या हुकांवर जाता येतं (गरोदरपणात याच्या बरोबर उलटं असतं, तेव्हा वाढायला जागा लागते). कपमध्ये दूध भरल्यावरची जागा हवी. तार असलेली ब्रा आत्ता नको, दाबून गाठ धरायची भीती असते. आणि पोट आवळणारे ते पट्टे आणि शेपवेअर, दिसण्यासाठी म्हणून दिवसभर घालून लोकलमध्ये उभं राहू नकोस, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्यांनी सांगितलंय तेवढाच वेळ. काहीजणींचं पोट चरबीमुळे नाही तर मधले स्नायू एकमेकांपासून लांब गेल्यामुळे पुढे दिसतं, उताणं झोपून मान उचलली की मधोमध फुगवटा येतो, तसं असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखव, शिंप्याकडे त्याचं उत्तर नाही.

कॅप्सूल वॉर्डरोब म्हणून तू जे बघतेस, मोजके कपडे आणि सगळे एकमेकांवर चालणारे, ती कल्पना छान आहे. अमेरिकेच्या डॉना करनने १९८५ मध्ये सात कपड्यांचा असाच सेट काढला होता नोकरीवाल्या बायकांसाठी, पण त्याचा पाया होता अंगाला चिकटून बसणारा बॉडीसूट, त्याच्यावर बाकी सगळं चढवायचं. पाजणाऱ्या, टाके भरत असलेल्या बाईला तो पाया चालणारच नाही, आणि मुंबईच्या घामात तर नाहीच. आपला पाया वेगळा, पुढून उघडणारा सुती टॉप किंवा कुर्ती आणि टाक्यांच्या वर बसणारी पँट.

किती हवेत याचा हिशोब इन्स्टावरून नको करूस, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून कर. वरचा कपडा तुला एक दिवसाच्या वर चालणार नाही, दूध, ओकारी, घाम, सगळं त्याच्यावरच. उन्हाळ्यात आज धुतलं की संध्याकाळी वाळतं, पण जून ते सप्टेंबर घरात पंख्याखाली दोन दिवस जातात आणि तरी कॉलर दमट राहते. म्हणजे पाच दिवसांच्या ऑफिसला वरचे सहा हवेत, त्याच्या खाली भागत नाही. पँट तीन पुरतात, एक पँट दोनदा होते. वर दोन लांब जॅकेट किंवा श्रग, दोन मलमलच्या ओढण्या, आणि बारशा-वाढदिवसाला जाण्यासारखं एखादं. बस.

त्या सहामध्ये दोन कुर्त्या समोर पट्टीच्या घे, गळ्यापासून खाली दहा-अकरा इंच उघडणाऱ्या, म्हणजे पट्टी छातीच्या खालपर्यंत जायला हवी, रेडीमेड कुर्तीची पट्टी सहा-सात इंचांत संपते आणि मग पाजताना सगळा गळा ओढावा लागतो. उभ्या पट्टीने अंग लांब दिसतं हा त्यातला दुसरा फायदा. दोन शर्ट घे सीटच्या खाली जाणारे, पूर्ण बटणांचे. एक चेनवाली फीडिंग कुर्ती, प्रिन्सेस कटच्या, म्हणजे छातीवरून खाली येणाऱ्या उभ्या शिलाईत दोन्ही बाजूंना उभी लपलेली चेन, पण चेन पातळ नायलॉनची, जाड चेन छातीवर ताठ उभी राहते आणि कपड्याची सगळी पडण बिघडवते, धातूची तर बाळाच्या गालाला लागते.

आणि सहावा अंगरखा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते पाजणाऱ्या बाईसाठी याच्याइतका सोयीचा कपडा दुसरा नाही आणि तो आपल्याकडे आधीपासून आहे. एक पल्ला दुसऱ्यावर तिरका येतो आणि बाजूला नाडीने बांधला जातो. नाडी पुढे-मागे केली की माप दोन इंच इकडे-तिकडे होतं, म्हणजे सकाळी भरलेली छाती आणि संध्याकाळची छाती दोन्हीला एकच कपडा बसतो, वजन उतरलं तरी बसतो. पाजायला पल्ला बाजूला केला की झालं. तिरकी रेघ खांद्यावरून कमरेकडे जाते म्हणून नजर पोटावर थांबत नाही. आणि नाडी बरोबर त्या छातीखालच्या बारीक जागेवर येते, तिथेच यायला हवी, शिवणाऱ्याने कमरेवर घेतली तर पोटाच्या मधोमध येईल आणि सगळं वाया. एकच त्रास, वाकलं की छातीवर फट पडते, म्हणून आतल्या पल्ल्याला एक टिचबटण लावून घ्यायचं. खाली घेर दे पण चुन्या देऊ नकोस, पोटावर चुन्या आल्या की पाचवा महिना असल्यासारखं दिसतं, घेर कळ्यांनी येऊ दे.

कटबद्दल दोनतीन गोष्टी शिंप्याला ठणकावून सांग. साइडची स्लिट कमरेपासून नको, सीटच्या सगळ्यात रुंद भागाच्या खाली सुरू कर, नाहीतर चालताना पोट आणि कंबर बाजूने दिसते. लांबी मांडीच्या जाड भागावर संपवू नकोस, तिथे आडवी रेघ आली की तिथेच रुंदी दिसते, एक तर सीटखाली संपव नाहीतर गुडघ्याच्या खाली ने. गळा व्ही किंवा उभा उघडा, बोटनेक आत्ता नको, जड छातीवर तो खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा पसरतो. बाही कोपराच्या वर दोन बोटं, छातीच्या रेषेत बाही संपली की छाती आणखी रुंद दिसते. आरसे, मणी, लटकन काही नको, बाळाच्या तोंडात जातं, बटणंसुद्धा हाताने घट्ट टाकून घे.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बाजूच्या शिलाईत दीड दीड इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवायला सांग आणि दोन्ही कडा वेगवेगळ्या ओव्हरलॉक करायला (धागे सुटू नयेत म्हणून मशीनने बांधायला) सांग. रेडीमेडमध्ये दोन्ही कडा एकत्र ओव्हरलॉक करून कापून टाकतात, मग सोडवायला काही उरतच नाही. माया असली की आज जे शिवलंय ते पुढच्या वर्षी उसवून परत नेमकं करता येतं. दूध सुटल्यावर छाती उतरते, तेव्हा टक्स (छातीच्या आकारासाठी घेतलेल्या चिमट्या) नव्याने घ्यावे लागतात, तेही होतं.

कापड. मलमल, कॅम्ब्रिक, पातळ खादी, मोडाल. रेयॉन अंगावर सुंदर पडतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, पिळून पिळून लांब होत जातं, रोजच्या धुण्याला नको, शिवायचंच असेल तर अंगरखा शिव आणि हलक्या हाताने धू. जाड लिनन पावसात वाळतच नाही. सुती कापड शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात घालून वाळवून दे, आटायचं ते आधीच आटू दे, न आटवता शिवलेली कुर्ती दोन धुण्यांत छातीला आवळते. ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) कापड असेल तर गुडघ्याखाली जाणाऱ्या, बाहीवाल्या कुर्तीला अडीच मीटर घे, अंगरख्याला तीनच्या आसपास.

रंगाचं म्हणशील तर काळाच घ्यायची तुझी कल्पना समजते मला, पण वाळलेल्या दुधाचा पांढरट डाग काळ्यावर सगळ्यात आधी दिसतो. आणि फिका प्लेन रंग, त्यातही राखाडी आणि फिका निळा, ओला झाला की लगेच गडद ठिपका उठतो, मीटिंगमध्ये लाज वाटते. बारीक छाप, मध्यम गडद रंग, हे दोन्ही लपवतात, अजरख, बगरू, कलमकारी, छोटी बुट्टी. मोठी फुलं पोटावर नको. फक्त इंडिगो आणि लाल छापाचे कपडे दोनचार वेळा वेगळे धुऊन मगच बाळाला जवळ घे, कारण ते खांदा चोखत बसतं आणि रंग त्याच्या तोंडात जातो. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात, गरम पाण्यात टाकला की तो पक्का बसतो.

पँट. सिझेरियनचा छेद ओटीपोटात अगदी खाली असतो आणि लो वेस्ट जीन्सची कड बरोबर त्याच्यावर घासते, म्हणून जुन्या जीन्स आता झाल्या तरी काही महिने घालू नकोस. पट्टा बेंबीच्या आसपास बसणारा हवा. अर्ध्या इंचाचं इलास्टिक किंवा नाडी पोटात रुतते आणि एका पोटाची दोन पोटं करते, त्याऐवजी दीड-दोन इंचांचं मऊ इलास्टिक, समोर सपाट पट्टी आणि मागे इलास्टिक असं शिवून घे, समोर सपाट असलं की वरचा शर्ट नीट पडतो. सरळ पँट, घोट्यापर्यंत, खिशासकट. पलाझो घरी घाल, कुर्ल्याच्या जिन्यावर पावसात तो पायाखाली येतो आणि तुझ्या एका हातात दूध काढायच्या पंपची बॅग असणार. लेगिंग रोज नको, पोटावर आवळतं आणि कुर्ती त्याला चिकटते. एक गडद निळी, एक काळी, एक खाकी किंवा मातकट. पांढरी अजिबात नको, पाळी कधी परत सुरू होईल याचा नेम नसतो. या तिन्हींवर जो कपडा चालत नाही तो दुकानात कितीही आवडला तरी सोडून दे.

ऑफिसमध्ये पंप करणार असशील तर एकसंध ड्रेस घेऊच नकोस, वरपासून खालपर्यंत उचलावा लागतो. आणि हे तुला माहीत असू दे, कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे आहे तसंच परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेकही आहेत, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यायला लागते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. हक्काने माग.

ओढणीला मी जास्त मार्क देते. सव्वादोन-अडीच मीटरची मलमल, गाडीत पाजताना आडोसा, एसीत शाल, डाग पडला तर पुढून झाकायला. लोकलमध्ये मात्र ती खांद्यावर पिनने लाव किंवा बॅगेत ठेव, चढता-उतरताना अडकते.

जुन्या कपड्यांचं. सगळं फेकू नकोस आणि सगळं समोर टांगूनही ठेवू नकोस. सकाळी घाईत एकामागून एक चार कपडे चढवून बघायचे, एकही बसत नाही, आणि मग रडत घरातून निघायचं, हे मी इतक्या मुलींकडून ऐकलंय की हात जोडून सांगते, जे आज बसत नाही ते बॅगेत भरून माळ्यावर टाक, वर्षभराने बघू. त्याआधी दोन गोष्टी बाजूला काढ. शिंप्याकडून शिवलेल्या कुर्त्या, त्यात माया असते, त्या उसवून दोन-अडीच इंच मिळतात. आणि ज्या छातीला होत नाहीत पण खांद्याला बरोबर आहेत त्या रेडीमेड कुर्त्या, त्या समोरून मधोमध कापून दोन्ही कडांना पट्टी लावून घे, लांब उघडं जॅकेट तयार. आत साधा फीडिंग टॉप. दोन उभ्या कडा पोटाच्या दोन्ही बाजूंनी खाली जातात आणि मधलं अर्धंच दिसतं. ती दोन जॅकेट विकत घ्यायचीच गरज नाही मग. चपलाही घालून बघ, बऱ्याच जणींचं पाऊल अर्धा नंबर वाढतं आणि ते तसंच राहतं, जुनी चप्पल चावत असेल तर दोष चपलेचा नाही.

साडीबद्दल तू विचारलं नाहीस पण बारसं नाहीतर हळदीकुंकू काहीतरी येईलच. साडी होतेच, ब्लाउज होत नाही. बाजूची माया सोडव, तरी मुंढ्यात रुतत असेल तर बगलेत त्याच रंगाचा चौकोनी तुकडा घालून मिळतो, हात खाली असताना दिसत नाही. नवा शिवशील तर हुक पुढे. परकराची नाडी टाक्यांच्या वर, बेंबीजवळ बांध, आणि नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घे. खळ घातलेली कडक कॉटन आणि कोटा पोटावर फुगतात, मऊ मल कॉटन, शिफॉन, जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली इरकल छान बसते. निऱ्या बारीक आणि नीट दाबून. पदर पूर्ण पिन करून, एका पदरी सोडला की सारखा सावरत बसावं लागतं आणि कडेवर बाळ.

कापडखरेदीला दादरच्या हिंदमाता मार्केटला जा किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळ मंगलदासला, रविवारी मंगलदास बंद असतं आणि मोठा पाऊस लागला की हिंदमाताला पाणी भरतं, तेवढं बघून निघ. बाळाला घरी ठेव, गल्ल्या अरुंद आहेत. आधी पँटीची तीन कापडं घे, ती हातात धरून वरची निवड. पण सहाच्या सहा एकदम शिवायला टाकू नकोस. एक पट्टीची कुर्ती, एक अंगरखा आणि एक पँट आधी शिवून घे, घालून एक दिवस खरोखर कुर्ल्यापर्यंत जाऊन ये, घरी येऊन त्याच कपड्यात बाळाला पाज, खाली बस, उठ, कुठे ओढतंय, कुठे फट पडतेय ते कागदावर लिही आणि तो कागद शिंप्याला दे, बाकीचे त्याप्रमाणे. जॉइन व्हायच्या आधी तीन आठवडे सुरुवात केलीस तर हे सगळं आरामात होतं, सणाच्या आधीचे दिवस असतील तर पाच आठवडे धर, तेव्हा कोणताच शिंपी वेळेत देत नाही, मीसुद्धा नाही.